कोंबडा आणि जमादार

बुधवारी दुपारी सव्वातीन वाजता देवांगनाबाई कापगते यांचा उजवा डोळा काढण्यात आला. डाव्या डोळ्यातही पू शिरला होता, पण बुबुळ फुटलं नव्हतं, म्हणून तो ठेवला. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर त्यांची मुलगी मोनाली बसली होती. राईस मिलमधला निळा कोट तिच्या अंगावर तसाच होता आणि कोटाच्या खांद्यांवर कोंड्याची पिवळट पूड होती. सही घ्यायला आलेल्या सिस्टरने पेशंटशी नातं विचारलं. मोनालीने सांगितलं, मुलगी. मग कोणी काही विचारलं नसताना ती म्हणाली, "गोळ्या मीच देत होती."

सिस्टरने मान डोलावली आणि ती आत गेली.

सावरबोडी हे भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यातलं गाव. फवारणीला ड्रोन आले, लावणीला यंत्रं आली, तरी मळणीच्या दिवसांत हवेत उडणारं कुसळ काही थांबलं नाही. ते डोळ्यात गेलं की चोळून आणखी रुततं आणि पाण्याच्या हबक्याने निघत नाही. गावात आणि आसपासच्या चार वाड्यांत अशा वेळी एकच दार ठोठावलं जाई. देवांगनाबाई माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवत, पापणी उलटवत आणि जिभेचं टोक डोळ्यातून एकदाच फिरवत. बोटाला जे कळत नाही ते जिभेला कळतं, असं त्यांच्या सासूने त्यांना शिकवलं होतं. कोणाकडून काही घ्यायचं नाही आणि कोणाला नाही म्हणायचं नाही, जेवत असलं तरी ताटावरून उठायचं, हेही सासूनेच शिकवलेलं. कुसळ निघालं की त्या ते तळहातावर ठेवून माणसाला दाखवत. नवे जावई लाजून डोळे मिटून घेत आणि ओसरीवरच्या बायका त्यांना चिडवत, "मिटू नका जवाईबुवा, बाई काही खात नाई तुमाले."

मोनाली सात वर्षांची असताना तिच्या डाव्या डोळ्यात कुसळ गेलं. आईने ते काढलं. पुढे काही दिवसांनी डोळा लाल झाला, उजेड सोसेना, आणि बरा झाला तेव्हा बुबुळावर पांढरं फूल पडलेलं होतं. कुसळ खोल रुतलं होतं, असं सगळे म्हणाले. मोनाली एका डोळ्याने शिकली आणि एका डोळ्याने राईस मिलमध्ये नोकरीला लागली. तांदळात तुकडा किती हे तिथे कॅमेरा मोजतो, पण कॅमेऱ्यावर भरवसा नसलेले व्यापारी नमुना मोनालीच्या पुढ्यात ओततात. नवरा रोशन नागपूरला मेट्रोच्या कामावर होता. ती आईजवळ राहत होती.

गेल्या पावसाळ्यात तिचा उजवा डोळा लाल झाला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर बडवाईक यांनी निळ्या दिव्याखाली तपासलं. बुबुळावर झाडाच्या फांद्यांसारखी बारीक जखम होती. ती नागिणीच्या जातीच्या विषाणूची खूण होती. डाव्या डोळ्यातलं फूलही त्याचंच होतं, आणि आता तो उरलेल्या डोळ्यात उतरला होता.

हा विषाणू बहुतेकांच्या अंगात असतो. ताप उतरला की ओठांवर पाण्याचे फोड येतात, ते त्याचेच. फोड जातात, विषाणू जात नाही. तो मज्जातंतूंवरून मागे सरकत कानाच्या पुढे, कवटीच्या आत असलेल्या एका गाठीत जाऊन झोपतो. त्या गाठीतून तीन फांद्या निघतात. एक डोळ्याकडे आणि कपाळाकडे, दुसरी गालाकडे, तिसरी जबड्याकडे. विषाणू कधी जागा होईल आणि कोणत्या फांदीने उतरेल, हे सांगता येत नाही. डोळ्यात घालायचे थेंब त्या गाठीपर्यंत पोचत नाहीत. रक्तातून पोचायचं तर औषध पोटातूनच द्यायला हवं, आणि तशा गोळ्या पूर्वीपासून होत्या. पण त्यांना विषाणू मारता यायचा तो वाढत असताना. झोपलेला विषाणू वाढत नाही, म्हणून तो मरतही नाही.

नव्या उपचारात दोन गोळ्या होत्या. लाल गोळी गाठीत झोपलेल्या विषाणूला उठवायची, सगळ्याला एकदम. तो तिन्ही फांद्यांनी खाली धावायचा. लगेच पांढरी गोळी सुरू करायची, सकाळ-संध्याकाळ, तीन आठवडे. तिच्यात दोन औषधं एकत्र होती. एक उठलेल्या विषाणूला मारायचं, दुसरं जखमेत शिरू पाहणाऱ्या जिवाणूंना अडवायचं. कोर्स पुरा झाला की गाठ रिकामी व्हायची, आयुष्यभरासाठी. मात्र लाल घेतली आणि पांढरी घेतली नाही, तर ज्याच्या फक्त ओठांवर फोड येत त्याचाही डोळा आठवड्याभरात जाऊ शकत होता. म्हणून लाल गोळी आरोग्यसेविकेसमोरच गिळायची, असा नियम होता. पांढरी घरी मिळायची आणि ती द्यायला घरातला एक माणूस नेमला जायचा.

गावाने गोळ्यांची नावं लगेच ठेवली. झोपलेल्याला उठवणारी लाल गोळी कोंबडा, उठलेल्याला पकडणारी पांढरी जमादार.

पहिल्या वर्षी कोर्स मोजके आले. ज्यांचा उरलेला डोळाही धोक्यात होता त्यांना ते आधी मिळणार होते, आणि ज्यांच्यापासून लागण पसरत असेल त्यांना. हे ठरवायला डॉक्टर बडवाईक जानेवारीत सावरबोडीच्या समाजमंदिरात आल्या. डोळ्यात फूल असलेले लोक रांगेने बसले. डॉक्टर प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारत होत्या. त्यात एक प्रश्न असा होता की डोळा बिघडण्याच्या आधी डोळ्याला कशाचा स्पर्श झाला होता का, म्हणजे माती, दूध, पाला, लाळ.

पहिले उठले दुधराम हटवार. त्यांनी मोठ्या आवाजात सांगितलं, "कुसळ गेलतं. देवांगनाबाईनं काढलं. नाई तं डोळाच गेला असता माझा." त्यांच्या मागून एक बाई तेच म्हणाली. मग तिसरा. सांगताना प्रत्येक जण मागे वळून मोनालीबरोबर आलेल्या देवांगनाबाईंकडे बघत होता. भर सभेत कोणाचे उपकार सांगावेत तसं ते सांगणं होतं. देवांगनाबाई पदर सावरून खाली बघत होत्या, कौतुक झालं की बघत तशा. चौथ्या माणसानंतर डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. त्यांनी देवांगनाबाईंना विचारलं, ओठांवर फोड येतात का. त्या म्हणाल्या, येतात की, मळणीच्या दमणुकीत दरवर्षी.

फोडांतला विषाणू लाळेतून डोळ्यात जातो, हे त्यानंतर डॉक्टरांनी समजावलं ते शांत शब्दांत होतं आणि त्यात कोणाला दोष दिलेला नव्हता. पण मग कोणी मागे वळून देवांगनाबाईंकडे बघितलं नाही. आता डॉक्टर बडवाईक तो प्रश्न एकेकाला वेगळ्या खोलीत विचारतात.

घरी आल्यावर देवांगनाबाईंनी चूल पेटवली आणि भाताचं आधण ठेवलं. मोनालीने आतून येऊन विचारलं की माझाही असाच गेला ना. त्या म्हणाल्या, कुसळ खोल होतं. मोनाली म्हणाली, "कुसळ नव्हतं आई. तुनं माझा डोळा चाटून खाल्ला."

देवांगनाबाईंनी आधणात तांदूळ सोडले. त्या रात्री दोघी जेवल्या, पण एकमेकींशी बोलल्या नाहीत.

कोर्स दोघींनाही मंजूर झाला. मोनालीला उजव्या डोळ्यासाठी, देवांगनाबाईंना लागण थांबवण्यासाठी. दुधराम आणि बाकीच्यांचा दुसरा डोळा चांगला होता, त्यांना पुढच्या वर्षी यायला सांगितलं. आरोग्यसेविका तृप्ती रामटेके हिने मायलेकींना एकाच सकाळी लाल गोळी दिली. दोघींसाठी पांढऱ्या गोळ्यांचे वेगळे डबे दिले, काळे चष्मे दिले आणि मोनालीला आईची जबाबदार म्हणून नेमलं. डोळे लाल होतील, ठणकतील, उजेड सोसणार नाही, ते औषध लागू पडल्याचं लक्षण आहे, घाबरायचं नाही, असं तिने सांगितलं. पांढरी गोळी दिल्यावर दर वेळी 'आ' करायला लावायचं, जीभ उचलायला सांगायची, गालात बघायचं. म्हातारी माणसं गोळी कडू लागली की थुंकतात, असं म्हणून ती हसली होती.

मोनालीने ते केलं नाही. ती सकाळ-संध्याकाळ आईच्या समोर गोळी आणि पाण्याचा लोटा ठेवायची. देवांगनाबाई गोळी तोंडात टाकायच्या, पाणी प्यायच्या आणि मान हलवायच्या. आईला जीभ दाखव म्हणणं मोनालीला जमत नव्हतं. ती जीभ तिला बघायचीच नव्हती.

तिचं स्वतःचं बरं चाललं होतं. पहिले दिवस डोळ्यात निखारा ठेवल्यासारखे गेले, मग ठणका उतरला. चष्मा काढून ती तांदळाचा तुकडा निवडू शकली त्या दिवशी मिलमधल्या बायकांनी पेढे आणले. तिने त्यातला एक आईसाठी घरी नेला आणि कागदात तसाच तिच्या उशाशी ठेवला. देवांगनाबाई काळा चष्मा लावून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या होत्या. ठणकते का, असं तिने विचारलं, त्या कोर्सच्या दिवसांतलं हेच एक वाक्य. त्या म्हणाल्या, "औषध लागू पडून राहिलं."

ती कामावर गेली की घरी कोण येतं, हे तिला माहीत नव्हतं. समाजमंदिरातल्या सभेनंतर घरी कोणी येत नाही, असंच तिला वाटत होतं.

मंगळवारी संध्याकाळी दार वाजलं. दुधराम हटवार होते. मोनालीला बघून ते जरा गडबडले. मग त्यांनी विचारलं, बाई जागी आहे का. तिने काम विचारलं. ते म्हणाले, "जमादार अजून एक भेटन का? काल बाईनं देल्ली, मले तं बरं वाटून राहिलं."

मोनालीला आधी समजलं नाही. मग समजलं. दुधरामला दारातच सोडून ती आत गेली आणि तिने आईचा काळा चष्मा काढला. उजव्या डोळ्याच्या जागी पिवळी, सुजलेली गाठ होती आणि तिच्यातून पाणी गळत होतं. देवांगनाबाईंनी हात वर करून चष्मा चाचपडला. डाव्या डोळ्यानेही त्यांना तो दिसत नव्हता.

"किती गिळल्या तू?" मोनालीने विचारलं.

"एकही नाई वं."

मिलच्या मालकाची गाडी मागवून तालुक्याला पोचेपर्यंत त्या शांतपणे सगळं सांगत गेल्या. एरवी मोजकं बोलणारी बाई त्या रस्त्याने सलग बोलली. गोळी गालात धरायची, मोनालीची पाठ वळली की काढायची. तोंडातली तशीच कशी देणार, म्हणून पाण्याने धुऊन, फडक्यावर वाळवून ठेवायच्या. दुपारी ज्याला ज्याला निरोप जाई तो येऊन घेऊन जाई. ज्यांच्या ज्यांच्या डोळ्यात त्यांची जीभ फिरली होती ते सगळे त्यांना आठवत होते, काही तर मेलेले होते. कोंबडा गोळी त्रास देते आणि जमादार गोळी बरं करते, हे त्यांनी तृप्तीच्या तोंडून नीट ऐकलं होतं. मग लोकांना त्रासाची कशाला द्यायची, नुसती बरं करणारी द्यावी. लोकांनी पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं आणि जिच्यामुळे झालं तिने आधी बरं व्हायचं, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

"अन तुया डोळ्याचं काय?" मोनाली म्हणाली.

"मायं काय. मी पाहिलं तेवढं पाहिलं."

दवाखान्यात डॉक्टर बडवाईकांनी रात्रीच पांढरं औषध शिरेतून सुरू केलं. उजव्या डोळ्याचं काही राहिलेलं नव्हतं. पू मागे मेंदूकडे जाऊ नये म्हणून तो काढावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. मोनालीने त्यांना विचारलं की आईने ज्यांना गोळ्या दिल्या त्यांना त्याचा काही उपयोग होईल का. डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं. त्या लोकांच्या अंगातला विषाणू झोपलेला आहे, त्यांनी लाल गोळी घेतलेली नाही, म्हणून पांढरी गोळी त्याला शिवूही शकत नाही, असं त्या म्हणाल्या. फूल म्हणजे जुन्या जखमेचा वण, तो कोणत्याच गोळीने विरघळत नाही. एकेक-दोन-दोन गोळ्यांनी तर काहीच होत नाही. अपाय मात्र झाला नसेल, इतकंच.

"म्हणजे वाया गेल्या," मोनाली म्हणाली.

डॉक्टरांनी फाईल पुढे ओढली. एकदा उठलेला विषाणू पुन्हा झोपवता येत नाही, एवढं त्या म्हणाल्या. आता तो संपवावाच लागेल. सलाईन सोमवारी बंद होईल आणि पुढचे तीन आठवडे पुन्हा तोंडाने पांढऱ्या गोळ्या द्याव्या लागतील. त्यातली एकही चुकली तर डावा डोळाही जाईल. या वेळी गालात बघत जा, असं त्या म्हणाल्या, आणि मोनालीचा चेहरा बघून त्यांनी फाईल बंद केली.

तृप्ती रामटेके त्याच रात्री गावात घरोघर फिरली. काहींनी गोळी गिळली होती, काहींनी देव्हाऱ्यात ठेवली होती. एका म्हातारीने ती परत द्यायला नकार दिला. देवांगनानं स्वतःच्या हातानं दिली, ती मी देत नाही, असं ती म्हणाली.

रोशन गुरुवारी पहाटे आला. त्याने सासूच्या खाटेजवळ उभं राहून हात जोडले आणि मग लक्षात आलं की त्यांना दिसत नाही, म्हणून तोंडाने म्हणाला, "नमस्कार करतो आई." देवांगनाबाईंनी त्याला जेवलास का विचारलं. ऑपरेशननंतर मोनालीशी त्या अजून थेट बोलल्या नव्हत्या. मोनाली त्यांचं अंग पुसत होती, पाणी पाजत होती, आणि दोघींमध्ये जे बोलायचं होतं त्याच्या आसपासही कोणी जात नव्हतं. एकदा पाणी पाजताना मोनाली म्हणाली, त्या दिवशी मी बोलली ते... तिने पेला खाली ठेवला. देवांगनाबाई म्हणाल्या, "खरंच बोलली तू." त्यांनी तो विषय तिथेच मिटवला, पण मोनालीच्या लेखी तो मिटला नाही. तिला वाटलं, आईने निदान रागवावं.

शुक्रवारी दुपारी दुधराम हटवार बसने आले. देवांगनाबाईंना झोप लागली होती. ते वॉर्डाच्या दारात उभे राहिले आणि समोरच्या भिंतीवरची पाटी त्यांनी फूल पडलेल्या डोळ्याने वाचून दाखवली, दुसऱ्या डोळ्यावर हात धरून. महिन्याभरापूर्वी आपल्याला हे जमत नव्हतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मोनालीने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दिव्याखाली तपासलं, जुन्या मोजणीशी ताडून पाहिलं. वण तसाच होता, नजर तेवढीच होती. पाटी त्यांना बहुधा पाठ होती, येता-जाता वाचलेली. दुधरामने सगळं ऐकून घेतलं आणि टोपी घातली. "तुम्ही म्हणता तं असंन," ते म्हणाले. "पण मले दिसते." आणि ते शेवटच्या बसने परत गेले.

देवांगनाबाई जाग्या झाल्या तेव्हा वॉर्डात दिवे लागले होते. गावातलं कोणी आलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मोनालीने सांगितलं, दुधरामबाबा येऊन गेले.

 पट्टी बांधलेला चेहरा त्यांनी मुलीकडे वळवला.

"त्यायले दिसते का वं आता?"

मोनालीने तोंड उघडलं. नाही म्हटलं तर आईचा डोळा कशासाठी गेला, याचं उत्तर आईला मिळत होतं, की कशासाठीच नाही. हो म्हटलं तर सोमवारपासून हातात येणारी प्रत्येक गोळी आई पुन्हा कोणासाठी तरी गालात धरेल, आणि गालात धरलेलं काढून घेणं कोणाच्या बापाला जमणार नव्हतं. तिने आईच्या पायांवरची चादर सारखी केली. सलाईनची बाटली बघितली.

शुक्रवारी रात्रीपर्यंतची स्थिती अशी आहे. ताप उतरला आहे. डाव्या डोळ्यावर बॅटरी धरली की देवांगनाबाई कधी "उजेड" म्हणतात, कधी काहीच म्हणत नाहीत. एकदा बॅटरी विझवलेली असतानाही त्या "उजेड" म्हणाल्या, म्हणून डॉक्टरांनी तपासणी सोमवारवर टाकली आहे. दुधरामविषयीचा प्रश्न त्यांनी त्यानंतर आणखी एकदा विचारला. मोनालीने अजून उत्तर दिलेलं नाही.